चकचकीत कागदावरची चार बोटं

बुधवार, ५ तारीख

सूनबाई,

एवढं लिहिलं आणि पेन हातात धरून बसून राहिले. तुला आता सूनबाई म्हणावं की नाही? ह्यांना विचारलं तर म्हणाले, "लिही की. ती काय तिथून खोडायला येणार आहे?" म्हणून लिहिलं. तुला नकोसं वाटलं तर खोडून टाक, मला इथे दिसणार नाही.

खोकं पोचलं. आतलं मशीन पोचलं, काच शाबूत आहे. भिंगरीच्या निळ्या स्वेटरात गुंडाळून पाठवलंस ना, तो स्वेटर मी आधी काढला आणि बाही पसरून मोजली. माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत आली! आणि हा म्हणे तिला लहान झाला म्हणून गुंडाळायला घेतला. इथून गेली तेव्हा पाच वर्षांची होती, माझ्या गोंदाच्या डब्यात बोटं घालायची. आता दहाची. हे म्हणाले, "अगं, मशीन बघायचं सोडून स्वेटर काय हुंगत बसलीस?" मी म्हटलं, मशीन पळून जात नाही.

सगळ्यात आधी एक सांगते. खोक्यावर तुझा पत्ता होता. पाच वर्षं माझ्याकडे तो नव्हता. तू मुद्दाम लिहिलास की टपालवाल्यांनी मागितला म्हणून लिहिलास, मला ठाऊक नाही. मी तो कापून घेतला आणि डाळीच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवला. तिथे कुणी पुसत नाही.

भिंगरीचं पत्र वाचलं. चारदा वाचलं. शाळेत 'माझ्या घरची माणसं' अशी भिंत करणार, महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी, आणि तिला आपला तो फोटो हवा. ती लिहिते, "आजी, तुझ्या कपाटावर सगळ्यांचा फोटो आहे ना, मी आजोबांच्या मांडीवर आहे तो? आई म्हणते, तो टपालात घालायचा नाही, हरवेल. तो आजीचा आहे. म्हणून आमचं जुनं मशीन पाठवतोय. फोटो काचेवर उलटा ठेव, झाकण लाव आणि हिरवं बटण दाब. घाबरू नकोस."

तो आजीचा आहे, असं तू म्हणालीस. वाचलं आणि मला उठून पाणी प्यावं लागलं.

फोटो कपाटावर आहे. धूळ पुसून ठेवलाय.

मशीन चालतं का ते बघायला मी काचेवर आपला हातच ठेवला आणि हिरवं बटण दाबलं. आतून दिवा सरकत गेला, मशीन कण्हलं, कुथलं आणि खालून माझा तळवा बाहेर आला! हे खुर्चीतून उठून उभे राहिले. मी एवढी हसले की शेजारची कंपाउंडरीण विचारायला आली, काय झालं. तिचाही हात काढून दिला.

पण कागद चुकला बघ. कारखान्यातून आणलेला पाकिटांचा कागद घातला होता. एकतीस वर्षं पाकिटं घडवली, चिकटवली. डोळे मिटून अंगठ्याने कागद चोळला की सांगते, जाड किती, ओला किती, घडी कुठल्या अंगाने सरळ बसेल. मला कागदातलं कोण शिकवणार? तर शाई त्या कागदात अशी पसरली की माझ्या बोटांना सुरवंटासारखे केस फुटले. हाताच्या रेषा सगळ्या एकमेकीत मिसळून गेल्या. ही शाई पाण्यासारखी पातळ असते म्हणे, कागद ती पिऊन टाकतो.

तेव्हा आधी कागद बघते. मग फोटो.

तुझी,
(काय लिहू?) आजी. भिंगरीची आजी.

सोमवार, १० तारीख

सूनबाई,

तुझं उत्तर आलं नाही, येईल तेव्हा येईल. मी आपली लिहिते. आता पत्ता आहे म्हटल्यावर हात थांबत नाही.

कोपऱ्यावरच्या वहीवालीकडे गेले होते. तीच ती, जिच्याकडून तू भिंगरीला खडू आणायचीस. चष्मा डोक्यावर आणि शोधतेय काउंटरवर. मी म्हटलं, "घरच्या छापायच्या मशीनला फोटोचा कागद दे."

"कुठलं मशीन? शाईचं की पावडरचं?"

"हिरव्या बटणाचं."

"मावशी, बटणाचा रंग नाही विचारला."

"मग माझा हात बघ," म्हणून मी पिशवीतून तो सुरवंटाचा तळवा काढून दाखवला. ती म्हणाली, "अगंबाई, हे काय भूत काढलंय?" पण पाकिटाचा कागद आणि मशीन यांचं काय जमलं नाही ते तिला कळलं. म्हणाली, साधा कागद पत्रांना, हिशेबाला, अभ्यासाला. फोटोला चकचकीत लागतो. आणि तिने मला एक गठ्ठा दिला, दोन्ही अंगांनी आरशासारखा. मी चोळून बघितला. काय गुळगुळीत! मी खूश.

घरी येऊन भिंतीवरच्या कॅलेंडरवरचं फुलाचं चित्र काचेवर ठेवलं आणि छापलं. चित्र आलं सुरेख. लाल तर असा लाल की विचारू नकोस. मी ह्यांच्या हातात दिलं. ह्यांनी नीट बघायला म्हणून छातीशी धरलं. दहा मिनिटांनी कागद ह्यांच्या हातात कोरा आणि फूल सदऱ्यावर! शाई त्या कागदात मुरतच नाही, वर नुसती तरंगते. दुसऱ्या दिवशी सकाळी हात लावला तरी बोटाला रंग.

मी तडक वहीवालीकडे. ती म्हणते, "अरे देवा, मी तुम्हाला पावडरच्या मशीनचा दिला." मी म्हटलं, "ह्यांचा सदरा आणून दाखवू?" ती म्हणाली, "आणा, भिंतीवर लावते, गिऱ्हाइकं येतील." गठ्ठा परत घेतला तिने, पण शाईच्या मशीनचा फोटोचा कागद तिच्याकडे संपलाय. कधी येईल, सांगता येत नाही.

अजून अठरा दिवस आहेत शुक्रवारला. म्हणजे घाई नाही.

हे रोज संध्याकाळी विचारतात, "फोटो छापलास का?" मी सांगते, "कागद नाही." हे हूं म्हणतात आणि कपाटाकडे बघतात. कमी ऐकू येतं ह्यांना, पण दिसतं नको तितकं.

भिंगरीची आजी

रविवार, १६ तारीख

सूनबाई,

काल तुझं पाकीट आलं. आत दोन प्रकारचे कागद, चकचकीत दहा आणि मॅट, म्हणजे बिनचकाकीचे, पाच, आणि तुझी चिठ्ठी. "कागद चुकीचा मिळाला असेल. हा वापरा. एकच बाजू छापायची असते. हात कोरडे ठेवा. पाकीट उघडं ठेवू नका, ओल धरतो. भिंगरी रोज विचारते." खाली सही नाही, पण 'ठेवा'मधला तुझा तो मोठा ठ ओळखला. सामानाच्या यादीत असायचा.

मी दोन पत्रांत तुला काही मागितलं नव्हतं. तरी तू ओळखलंस आणि पाठवलंस. तुझे उपकार मी कुठल्या तोंडाने मानू? लिहूनच मानते.

एक बाजू म्हणालीस, पण कुठली? मॅट कागद दोन्हीकडून सारखाच दिसतो. पहिला उलटा घातला, शाईचं तळं झालं. दुसऱ्याला मी काय केलं माहितीये? कारखान्यातली सवय. एका कोपऱ्याला ओला अंगठा टेकवला, मग उलटा करून टेकवला. एका अंगाला अंगठा जरासा चिकटला, दुसऱ्या अंगाला नाही. चिकटतो ते अंग छापायचं. त्याच्यावर लेप असतो, तोच शाई धरून ठेवतो. पाकिटाच्या गोंदाचंही हेच असतं. बघ, एकतीस वर्षं फुकट नाही गेली! मशीनवर कागदाचं नाव निवडायचं बटण असतं, तेही सापडलं. साधा म्हणून ठेवलं तर शाई कमीजास्त सोडतं. नाव बरोबर दिलं की एकदम शहाणं होतं.

कॅलेंडरचं फूल पुन्हा छापलं. चकचकीतावर एकदा, मॅटवर एकदा. तासभर वाळू दिलं, हात लावला नाही. इतकं छान आलं की मी ते ह्यांच्यापासून लांब ठेवलंय.

म्हणजे आता कागद आहे. बाजू कळली. बटण कळलं. आता माझ्याजवळ सबब उरली नाही.

फोटो छापता येत नाही, कारण तो पूर्ण नाही.

सांगतेच. तू गेलीस त्या दिवशी सकाळी मी आतल्या खोलीत पाकिटं चिकटवत होते. तू दारात, हातात बॅग, भिंगरी कडेवर. तू म्हणालीस, "आई, तुम्ही तरी काहीतरी बोला." मी मान वर केली नाही. बारा पाकिटं चिकटवली, मोजून, प्रत्येकावर तळव्याची थाप मारून. तुझा नवरा, म्हणजे माझाच मुलगा, आठ महिने कामावर जातो सांगून बागेत बसून येत होता, हे तुला त्या आठवड्यात कळलं होतं. मला आधीपासून माहीत होतं. मी रोज त्याचा डबा भरून देत होते. माहीत असून भरत होते. तुझ्याशी बोलायचं तर आधी हे बोलावं लागलं असतं. म्हणून पाकिटं.

दार लागलं. मग मला राग आला. तुझा नाही, पण तो तुझ्यावर काढला. कपाटावरचा फोटो उतरवला, पोलादी पट्टी ठेवली आणि ब्लेडने तुला कापून काढलं. तू कडेला उभी होतीस ना, त्यामुळे सोपं गेलं. माझा हात वाकडा जात नाही. गेला असता तर बरं झालं असतं. तुकडा केराच्या टोपलीत टाकला, गोंदाच्या चिंध्यांवर.

पण तुझा हात माझ्या खांद्यावर होता. तो कापता येईना, माझा खांदा गेला असता. म्हणून कपाटावरच्या फोटोत पाच वर्षं माझ्या खांद्यावर चार बोटं आहेत. माणूस नाही, नुसती बोटं. कंपाउंडरीण एकदा म्हणाली, "ही कुणाची हो?" मी म्हटलं, फोटोवाल्याची चूक.

भिंगरीला फोटो नाही देता येणार. तिला काय सांगायचं ते तू ठरव. आजीने कापला म्हणून सांगितलंस तरी माझी तक्रार नाही. तू आजवर तिला माझ्याबद्दल वाईट काही सांगितलं नाहीस हे तिच्या पत्रावरून कळतं. 'घाबरू नकोस' असं कुणी वाईट माणसाला लिहीत नाही.

उद्या सकाळी टपालात टाकते. टाकायच्या आधी ह्या पत्राची मशीनवर नक्कल काढून ठेवतेय. साधा कागद, पत्राला तोच पुरतो. पुन्हा कधी मला वाटलं की माझं काही चुकलं नव्हतं, तर वाचायला असावी.

आजी

मंगळवार, १८ तारीख

पोरी,

काल टाकलेलं पत्र तुला मिळालं असेल नाहीतर वाटेत असेल. हे त्याच्या मागोमाग पाठवते. आधी ते वाच, मग हे. आणि पाकीट जड आहे ते का, ते सांगते. घाईत उघडू नकोस, आत घडी पडता कामा नये.

काल टपालपेटीत पत्र टाकून, भाजी घेऊन मी आले. हे मशीनसमोर बसलेले, नाकावर चष्मा, हातात कागद. माझी नक्कल! वेंधळी मी, मूळ पत्र पाकिटात घातलं आणि नक्कल मशीनच्या तोंडातच विसरले. एकतीस वर्षांत एक पाकीट उघडं सोडलं नाही आणि हे सोडलं.

मी भाजी खाली ठेवली. ह्यांनी शेवटची ओळ वाचून संपवली, कागदाची घडी घातली. वाकडी घातली, नेहमीसारखी.

"डब्याचं मला माहीत नव्हतं," हे म्हणाले.

मी पिशवीचे बंद गुंडाळत राहिले.

"बोटांचं माहीत होतं. मी काही आंधळा नाही."

"मग पाच वर्षं बोलला का नाहीत?"

"तू बोलत होतीस का?"

मग हे उठले, खुंटीवरच्या कोटातून बसचा पास काढला. पास संपून तीन वर्षं झाली, तरी कव्हर खिशात घेऊन फिरतात, मी किती वेळा टाकून द्या म्हटलंय. त्या कव्हरच्या आतल्या बाजूने दोन बोटांनी ओढून ह्यांनी तुला बाहेर काढलं.

मी खाली बसले. भाजीच्या पिशवीवरच बसले, टोमॅटोचं काय झालं ते विचारू नकोस.

"टोपलीतून काढला होता. गोंद लागला होता, पाण्याने पुसला. म्हटलं, ही एक दिवस शोधेल." म्हणजे पाच वर्षं मी कधी शोधते याची वाट बघत हा माणूस तुला छातीशी घेऊन बसने फिरला. आणि मी म्हणायचे, ह्यांना कशाचं काही नाही.

तुकडा विटलाय. एका कोपऱ्यावरचा रंग गेलाय, गोंदाचा पिवळा डाग तुझ्या साडीवर आहे. पण चेहरा स्वच्छ. तू हसतेयस, डोळे अर्धे मिटलेले. उन्हामुळे असणार.

दोघं मिळून काचेवर बसवलं. मी कापलं होतं सरळ, म्हणून जोड असा बसला की मधून वारा जाणार नाही. कधी नव्हे ते माझ्या सरळ हाताचं बरं वाटलं. ह्यांनी झाकण धरलं, मी बटण दाबलं. दोघांनी श्वास रोखला होता, मशीनने नाही.

दोन काढले. एक मॅटवर, एक चकचकीतावर. ते दोन्ही ह्या पाकिटात आहेत, मध्ये साधा कागद घालून, एकमेकांना चिकटू नयेत म्हणून. पूर्ण रात्र वाळवले.

आता नीट ऐक. मॅटवरच्या फोटोत जोडाची रेघ जवळजवळ दिसत नाही. तो कागद उजेड परत फेकत नाही, सगळं पोटात घेतो. भिंतीवर लावला तर कुणाला कळणार नाही. चकचकीतावर रंग जास्त खुलले, तुझा हिरवा काठ तर कालचा वाटतो, पण खिडकीकडे धरला की रेघ केसासारखी उठून दिसते, तुझ्या बोटांच्या मुळापासून खाली पायापर्यंत.

मी मॅटचा एकटाच पाकिटात घातला होता आधी. चिकटवणार होते. मग वाटलं, मी पुन्हा तेच करतेय, मान खाली घालून पाकीट चिकटवतेय. म्हणून दुसराही घातला. कुठला लावायचा ते तुम्ही दोघी ठरवा. मला दोन्ही चालतील. खरं सांगू? मला ह्या घटकेला काहीही चालेल, इतकी मी खूश आहे.

मूळ दोन्ही तुकडे मी मागून कागदाची पट्टी लावून जोडले आणि कपाटावर परत ठेवले. पट्टी पाकिटाच्याच कागदाची. बोटांना आता हात आहे.

माहीत असून डबा भरत होते, हे मी आपल्या मुलाला सांगितलं, दुसऱ्या गावी असतो तो आता, म्हणून फोनवर. तू गेल्यावर त्या विषयावर पहिल्यांदाच बोलले.  तो म्हणाला, "तिला सांगितलंस?" हो म्हटलं. म्हणाला, बरं केलंस.

ह्यांचा निरोप: भिंगरीला सांग, आजोबांची मांडी अजून आहे तेवढीच आहे.

तुझी आई
(तू म्हणायचीस म्हणून लिहिलं.)

मंगळवार, ९ तारीख

पोरी,

आलं! सगळं आलं. भिंतीचा फोटो आला, भिंगरी त्याच्यापुढे उभी, एक दात पडलेला. मी भिंग लावून बघितलं. चकचकीत लावलाय. रेघेवर खिडकीचा उजेड पडलाय आणि ती बोट ठेवून दाखवतेय. तू लिहिलंस, बाईंनी तिला विचारलं, हे काय, तर म्हणाली, "इथे आजीने कापलं होतं, मग जोडलं." बाई म्हणाल्या, "छान जोडलंय." म्हणजे कारागिरीला मान मिळाला बघ. वहीवालीला दाखवलं, ती म्हणाली, "माझ्या कागदावर छापलं असतं तर अख्खं कुटुंब सदऱ्यावर आलं असतं."

तुझ्या पत्रात तू माफ केलं असं कुठे लिहिलेलं नाही. मी शोधलं नाही, खरंच. माझ्या पत्रातल्या बारा पाकिटांबद्दल एकच वाक्य तू लिहिलंस, "दार ओढायच्या आधी मी जिन्यात थांबले होते, बाराही ऐकू आली." ते मी वाचलं. ते तसंच राहू दे आपल्यात, पुसायचं नाही.

आणि त्याच्याखाली लिहिलंस, सुट्टी लागली की आठ दिवसांसाठी येतो. नवीन फोटो काढू. सोबत वीस कागदांचं नवं पाकीट.

ते पाकीट मी फोडलेलं नाही. ओल धरेल म्हणून पिशवीत घातलं, ती पिशवी डब्यात, डबा कपाटात. हे म्हणाले, "सोनं आहे का?"  तू येऊन फोड. ओला अंगठा कुठे टेकवायचा ते मी भिंगरीला शिकवीन.

फोटोचं एक ठरवून ठेवलंय, नाही म्हणू नकोस. खुर्च्या दोनच आहेत आपल्याकडे. एकीवर हे, मांडीवर भिंगरी मावली तर. दुसरीवर ह्या वेळी तू बस. मी मागे उभी राहते. तुझ्या खांद्यावर हात मी ठेवीन.

तुझी आई